आंब्याच्या सालीत अडकणारं शिसं आणि तांबं

मार्च सरला की रत्नागिरी-देवगडकडच्या कॅनिंग कारखान्यांमागे सालींचे ढीग दिसायला लागतात. आंब्याच्या वजनात साल साधारण १५ ते २० टक्के असते. टनभर आंबा यंत्रातून गेला की दीडशे ते दोनशे किलो साल मागे उरते, बाठे वेगळेच. ढीग एक रात्र पडून राहिला तर सकाळी आतून गरम लागतो, आंबूस वास सुटतो, चिलटं घोंगावतात. थोडी साल गुरांपुढे जाते आणि बाकीची खड्ड्यात.

ह्याच सालीला पाण्यात विरघळलेलं शिसं, तांबं, कॅडमियम, जस्त, निकेल धरून ठेवता येतं. प्रयोगशाळांनी हे पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे. पाकिस्तानातल्या संशोधकांनी २००९ मध्ये आंब्याच्या सालीवर मोजमापं केली, तेव्हा एक ग्रॅम कोरड्या सालीने जास्तीत जास्त ९९ मिलिग्रॅम शिसं, ६९ मिलिग्रॅम कॅडमियम आणि ४६ मिलिग्रॅम तांबं धरलं. २०११ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी केळीच्या सालीचा भुगा नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं पकडायला वापरला, आणि तोच भुगा अकरा वेळा कामाला आणून दाखवला.

आता मोबाइलवर फिरणारा निरोप: ‘केळीची साल हंड्यात टाका, पाणी शुद्ध होईल.’ हे करू नका. नुसती साल पाण्यात पडली की तिच्यातली साखर, रंग आणि टॅनिन पाण्यात उतरतात, जंतूंना आयतं खाद्य मिळतं आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येतो. जुलाब, कावीळ करणारे जंतू सालीने मरत नाहीत. खाडीकाठच्या विहिरीचा खारटपणा सालीने जात नाही. बोअरवेलचं पाणी भरताना स्वच्छ दिसतं आणि तासाभराने तांबूस होतं, ते लोहामुळे. त्यासाठी सालीची गरजच नाही. पाणी उंचावरून बारीक धारेने सोडून हवा लागू दिली आणि मग वाळूतून गाळलं, तर बरंचसं लोह वाळूतच राहतं.

सालीचं खरं काम वेगळ्या ठिकाणी आहे: जे पाणी प्यायचं नाही, ज्यात कोणता धातू आहे हे आधीच ठाऊक आहे, आणि जो धातू लिटरमागे काही मिलिग्रॅम ते शंभरेक मिलिग्रॅम इतकाच आहे, तिथे. कोकणात अशा दोन जागा अगदी हाताशी आहेत. पहिली, शाळा-कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात लेड नायट्रेट, मोरचूद, झिंक सल्फेट वापरतात आणि परीक्षानळ्या बेसिनमध्ये धुतल्या जातात. दुसरी, सुपारीची बागायत. पावसाळ्यात कोळरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. पिंप, बादल्या आणि पंप धुतलेलं पाणी पाटातून व्हाळात आणि व्हाळातून खाडीत जातं. तांबं माशांना आणि पाण्यातल्या बारीक जीवांना फार थोड्या प्रमाणातही बाधतं, आणि कालवं तर तांबं-जस्त अंगात साठवतच जातात. ज्या खाडीतली कालवं आपल्या ताटात येतात, तिच्या तोंडाशी हे पाणी सोडू नये यासाठी एवढा खटाटोप करणं नक्कीच योग्य आहे.

साल धातू कशी धरते

स्पंज पाणी शोषतो तसं इथे होत नाही. धातू सालीच्या आत मुरत नाही, ठरावीक जागांवर चिकटतो. ह्याला अधिशोषण म्हणतात. सालीत सेल्युलोज, लिग्निन आणि भरपूर पेक्टिन असतं. मुरंबा, जेली घट्ट करणारं तेच हे पेक्टिन. पेक्टिनच्या लांब साखळीवर कार्बोक्सिल नावाचे गट असतात. पाण्यात ते ऋण भाराचे होतात आणि धन भाराचे धातूचे आयन, म्हणजे भार असलेले अणू, त्यांच्याकडे ओढले जातात.

कार्बोक्सिलची प्रत्येक जागा म्हणजे एस्टीतलं आसन समजा. साल तयार झाली तेव्हा आसनावर कॅल्शियम बसलेलं असतं. शिसं किंवा तांबं आलं की ते आसनाला जास्त घट्ट धरतं, आणि कॅल्शियमला उतरावं लागतं. पाणी आंबट असेल तर हायड्रोजनचे आयन इतके असतात की सगळी आसनं तेच अडवतात आणि धातू उभाच राहतो. पाणी खारं असेल तर सोडियम, मॅग्नेशियम यांची गर्दी होते. एकेकटे ते दुबळे असले, तरी खाडीच्या पाण्यात त्यांची संख्याच एवढी प्रचंड असते की तांब्याच्या वाट्याला फार कमी जागा येतात. म्हणून भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे हा उपाय लावू नये.

यावरून सामू, म्हणजे पीएच, का महत्त्वाचा ते कळतं. हा आकडा जितका कमी, तितकं पाणी आंबट. सामू ३ च्या खाली असला तर साल जवळजवळ काहीच धरत नाही. ५ ते ६ च्या दरम्यान ती उत्तम काम करते. ७ च्या वर गेलं की तांबं आणि शिसं हायड्रॉक्साइड होऊन आपणच खाली बसायला लागतात. मग पाणी स्वच्छ झालेलं पाहून श्रेय सालीला दिलं जातं, जे खरं तर चुन्याचं असतं. जांभ्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी आणि कमी जड असतं. धुण्यासाठी असं पाणी वापरलं की सालीला अनुकूल परिस्थिती अर्धी मिळालीच.

आकड्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ९९ मिलिग्रॅम शिसं आणि ४६ मिलिग्रॅम तांबं वाचून सालीला शिसं दुप्पट आवडतं असं वाटतं. पण शिशाचा अणू तांब्याच्या तिपटीहून जड असतो. अणू मोजले तर त्याच एका ग्रॅमवर तांब्याचेच जास्त बसलेले असतात. आणि हे आकडे पाण्यात धातू भरपूर असतानाचे, सगळी आसनं भरल्यावरचे आहेत. पाण्यात धातू कमी उरला की साल तितकी भरत नाही. प्रत्यक्षात हिशेब करताना ह्या आकड्याचा चौथा ते तिसरा हिस्साच धरावा.

साल तयार करणं

अपयश येतं ते बहुतेक इथेच, म्हणून जरा तपशिलात.

साल त्याच दिवशीची हवी. गर खरवडून काढा, दोन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि तीन-चार पाण्यांतून चोळून धुवा. शेवटचं पाणी बोटाला चिकट लागता कामा नये. चिकट लागलं तर साखर बाकी आहे, आणि साखर राहिली की वाळताना साल आंबते. मग कातळावर किंवा खळ्यात जाळीवर पातळ पसरून उन्हात वाळवा. एप्रिल-मेच्या उन्हात तीन-चार दिवस पुरतात. मळभ आलं किंवा वळवाची सर पडली की आत घ्यावी लागते, कारण अर्धवट वाळलेल्या सालीवर एका रात्रीत बुरशी धरते. बुरशी धरलेली साल टाकून द्या; ती दळली की पुढे भुगा बुळबुळीत होतो. वाळवणाचं सगळं काम मिरगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, संपलं पाहिजे. त्यानंतर ओव्हनशिवाय गत्यंतर नाही: ६० ते ७० अंश सेल्सिअस, रात्रभर. तापमान ह्याहून फार वाढवलं तर साल करपते आणि पाण्याला तपकिरी रंग देत राहते.

ताज्या सालीत बरंचसं पाणीच असतं. दहा किलो ओल्या सालीचा जेमतेम दीड-दोन किलो कोरडा माल हाती येतो. मोडताना ती कुरडईसारखी कडकन मोडली पाहिजे. मग मिक्सरवर दळून चाळा. बादलीत ढवळून वापरायची तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा भुगा चालतो. नळीत भरायची असेल तर अर्धा ते एक मिलिमीटरचे कणच घ्या आणि पीठ बाजूला काढा. पीठ नळीत गेलं की नळी तुंबते.

आता चुना. ही पायरी लोक गाळतात आणि मग पाणी पिवळं झालं म्हणून तक्रार करतात. आंब्याच्या पेक्टिनमधली बरीच कार्बोक्सिल आसनं मुळात झाकलेली असतात, त्यांच्यावर मिथाइल गट बसलेला असतो. चुन्याच्या निवळीत साल भिजली की तो गट सुटतो आणि आसन मोकळं होतं. त्याच वेळी चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या दोन साखळ्यांना मध्ये बसून जोडतं, त्यामुळे पेक्टिन पाण्यात विरघळून जात नाही. कॉस्टिक सोड्याने पहिलं काम होतं, पण त्यात पेक्टिनच विरघळतं आणि भुग्याचा चिकट लगदा होतो. चुना दोन्ही कामं करतो. शिंपले भाजून चुना करणं किनाऱ्यावर जुनंच आहे. तो विरवलेला चुना चालतो, दुकानातला कळीचा चुना विरवूनही चालतो.

प्रमाण असं: १०० ग्रॅम कोरडा भुगा, २ लिटर पाणी, ८ ते १० ग्रॅम विरवलेला चुना. प्लॅस्टिकच्या बादलीत, ॲल्युमिनियमच्या भांड्यात नाही, कारण चुना ॲल्युमिनियम खातो. २४ तास ठेवा, अधूनमधून ढवळा. पाणी गडद तपकिरी होईल. ते होऊ द्या, हाच रंग नाहीतर पुढे तुमच्या नमुन्यात उतरला असता. मग फडक्यातून गाळा आणि साध्या पाण्याने धूत राहा, धुवणाचा सामू ८ च्या खाली येईपर्यंत. आठ-दहा पाणी लागतात, कंटाळा येतो, पण चुना मागे राहिला तर वर सांगितलेली फसगत होते: धातू सालीवर न बसता चुन्याने खाली बसतो, आणि साल किती धरते हे कधीच कळत नाही. धुतलेला भुगा पुन्हा वाळवून, हवा न लागणाऱ्या डब्यात ठेवा. कोकणातल्या पावसात उघडा डबा आठ दिवसही तग धरत नाही.

कोणत्या साली चालतात? केळी, फणसाची जाड काटेरी साल, मोसंबी-संत्री, पपनस, सगळ्या. रातांब्याची साल वापरू नका. तिचं आमसूल होतं, ती कचरा नव्हेच, शिवाय तिच्यातलं आम्ल आणि लाल रंग धुऊन संपत नाही. काजूबीचं टरफलही कच्चं घेऊ नये, त्यातल्या तेलाने हात भाजतात.

आधी कोरी चाचणी

खरं पाणी घेण्याआधी साध्या पाण्याच्या लिटरमध्ये २ ग्रॅम भुगा टाकून तासभर ढवळा आणि गाळा. पाणी पिवळसर झालं, फेस आला किंवा दुसऱ्या दिवशी वास आला तर साल नीट धुतली गेलेली नाही. चुन्याची पायरी पुन्हा करा.

मग मिथिलीन ब्लू, जे कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतंच. लिटरमागे १० मिलिग्रॅमचं द्रावण करा, त्यातलं १०० मिलिलिटर घ्या, ०.२ ग्रॅम भुगा टाका, अर्धा ते एक तास हलवा. निळा रंग स्पष्ट फिका पडला पाहिजे. विद्यार्थ्यांना दाखवायला हा प्रयोग सुंदर आहे, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. मिथिलीन ब्लू धन भाराचा रंग आहे म्हणून तो सालीला चिकटतो. काँगो रेडसारखा ऋण भाराचा रंग घेतला तर तीच साल त्याला फारशी हात लावत नाही. सहा संयुजेचं क्रोमियम, आर्सेनिक आणि फ्लोराइडसुद्धा पाण्यात धन भाराने वावरत नाहीत. त्यांच्यासाठी ह्या लेखातली साल कामाची नाही.

प्रयोगशाळेतलं पाणी

धरा, २० लिटरचा कॅन आहे आणि त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम शिसं आहे. एकूण शिसं १ ग्रॅम. सालीची कामाची क्षमता ग्रॅमला ३० मिलिग्रॅम धरली तर ३३ ग्रॅम लागेल, ४० घ्या. पण सगळी एकदम टाकू नका. २० ग्रॅम टाकून तासभर ढवळा, गाळा, मग उरलेली २० ग्रॅम टाका. पहिल्या खेपेत बरंचसं शिसं निघतं. दुसऱ्या खेपेच्या सालीची आसनं रिकामी असल्यामुळे ती उरलंसुरलंही ओढते. दुसऱ्या खेपेची साल फारशी भरत नाही. ती पुढच्या कॅनच्या पहिल्या खेपेला वापरा. एवढ्या साध्या अदलाबदलीने सालीची मोठी बचत होते.

सामू ५ ते ५.५ वर ठेवा. तो खाली आणायला लिंबू, कोकम किंवा सायट्रिक आम्ल वापरू नका. सायट्रिक आम्ल स्वतःच धातूला मिठी मारतं आणि पाण्यात धरून ठेवतं. साल मग कितीही टाका. अगदी पातळ नायट्रिक आम्लाचे थेंब वापरा. ह्याच कारणाने ईडीटीए आणि अमोनिया असलेलं धुवण त्या कॅनमध्ये येऊ देऊ नका, त्यासाठी वेगळा डबा ठेवा.

आणि शेवटचं मोजमाप डोळ्यांनी होत नाही. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात शिसं लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही, पिण्याच्या पाण्यात तर ०.०१. इतक्या शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.

बोर्डोचं धुवण

इथे क्रम उलटा आहे. बोर्डो मिश्रणातलं बहुतेक तांबं चुन्यामुळे आधीच बारीक निळ्या गाळाच्या रूपात असतं. साल गाळ धरत नाही, विरघळलेलं धरते. म्हणून धुवण एका पिंपात गोळा करा, सामू ९ च्या आसपास येईल इतकी चुन्याची निवळी घाला आणि रात्रभर स्थिर ठेवा. निळा गाळ तळाशी बसतो. तो पुढच्या फवारणीच्या मिश्रणात घालता येतो, फक्त फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबतं.

वरचं निवळ पाणी वेगळं काढा. त्यात न बसलेले बारीक कण आणि थोडं विरघळलेलं तांबं राहतंच. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू ५.५ वर आणा, म्हणजे तेही कण विरघळतात. मग लिटरमागे २ ग्रॅम साल, एक तास. बागायतदार मिश्रणात मोकळं तांबं आहे का ते पाहायला लोखंडी खिळा किंवा सुरी बुडवतात. खिळा लालसर झाला तर चुना कमी पडला आहे हे नक्की. पण खिळा कोराच राहिला म्हणजे तांबं नाही असं समजू नका, थोडं तांबं खिळ्यावर दिसत नाही.

पाणी जास्त असेल तर बादलीऐवजी नळी करा. आतून ५ सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घेऊन त्यात ५० सेंटिमीटर उंच थर भरला की तो साधारण १ लिटरचा होतो. दोन्ही टोकांना नायलॉन जाळी आणि थोडी धुतलेली जाड वाळू. भुगा भरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. कोरडाच भरला तर तो आत फुगतो आणि पाइप गच्च होतो, किंवा पाणी एका बाजूने वाट काढतं आणि बाकीची साल कोरडीच राहते. पाणी खालून वर चढवा, तासाला ३ ते ४ लिटरपेक्षा जास्त नाही. वेग वाढवला की धातूला चिकटायला वेळ मिळत नाही. वाहतं पाणी आधी गाळून घ्या. मातीचे कण आत गेले की नळी दोन दिवसांत तुंबते. काम नसेल तेव्हा नळीत पाणी साचवून ठेवू नका, तिसऱ्या दिवशी आतून कुजल्याचा वास येतो आणि पेक्टिन सुटायला लागतं.

भरलेल्या सालीचं काय करायचं

सालीने धातू नाहीसा केला नाही, एका जागी गोळा केला. भरलेली साल खतात, गुरांपुढे किंवा चुलीत जाता कामा नये. चुलीत जाळली तर सगळा धातू मूठभर राखेत उरतो आणि काही धुरातून वर जातो.

तिला मोकळं करता येतं. पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीच नाही: लिटरभर पाण्यात ९ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, शिसं असेल तर त्याऐवजी साडेसहा मिलिलिटर तीव्र नायट्रिक. १०० ग्रॅम सालीला असं दीड लिटर पातळ आम्ल, तीन भागांत, प्रत्येक वेळी अर्धा तास. हायड्रोजनने आसनं परत घेतली की धातू आम्लात उतरतो. कितीतरी लिटर पाण्यात विखुरलेला धातू आता दीड लिटरमध्ये आहे. त्यात चुना घालून सामू ९ वर नेला की तो हायड्रॉक्साइड होऊन बसतो. साल साध्या पाण्याने धुवा, चुन्याच्या निवळीत तासभर ठेवा, पुन्हा धुवा आणि वापरा. प्रत्येक फेरीत थोडं पेक्टिन जातं. घरगुती पद्धतीने तीन-चार फेऱ्यांनंतर भुगा मऊ पडायला लागतो, तेव्हा तो बदला.

तांब्याचा गाळ फवारणीत परत जिरवता येतो. शिशाचा आणि कॅडमियमचा गाळ, तसंच ती निकामी साल, वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात, वर धातूचं नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या. तळोज्याला अशी सामायिक सोय आहे. एका कॉलेजचा वर्षाचा डबा किलोभरही होत नाही, म्हणून तालुक्यातल्या चार-पाच कॉलेजांनी डबे एकत्र करून वर्षातून एकदा पाठवले तर वाहतुकीचा खर्च वाटला जातो.